गाडीचा रंग उडालाय? आधी पाणी शिंपडून बघा

आमच्या सोसायटीचं लोखंडी फाटक आणि माझ्या गाडीचं मागचं डावं दार यांची गाठ दिवाळीच्या आधी पडली. फाटकाला काही झालं नाही. दारावरचा तळहाताएवढा रंग गेला. मधोमध रुपयाएवढा उघडा पत्रा, त्याच्याभोवती करडं कडं आणि पुढे चार बोटं नुसत्या पांढुरक्या रेघा. नाशिकच्या इंदिरानगरातल्या पार्किंगमध्ये गाडी अशी उभी राहिली की सल्ल्यांना तोटा नसतो. तळमजल्यावरच्या काकूंनी टूथपेस्ट सुचवली, वरच्या मजल्यावरच्या कॉलेजकुमाराने नेलपॉलिश, आणि वॉचमन म्हणाला, "सर, स्टिकर लावून टाका."

गंमत म्हणजे तिन्ही सल्ले अगदीच टाकाऊ नव्हते. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, म्हणजे ते एक दुबळं रबिंग कंपाउंडच. नेलपॉलिश तर मोटारीच्या रंगाचं नात्यातलं. १९२० च्या दशकात ड्यूपाँ कंपनीने मोटारींसाठी 'ड्यूको' नावाचं नायट्रोसेल्युलोज लॅकर आणलं, नेलपॉलिश त्याच कुळातलं. आपल्याकडचे पेंटर स्प्रे गनने मारलेल्या गुळगुळीत रंगाला आजही 'ड्यूको' म्हणतात ते त्यामुळेच. आणि स्टिकर निदान काही दिवस पाणी अडवतो. पण कोणत्या जखमेला कोणता इलाज हे ठरवायचं तर पत्र्यावर काय काय चढवलेलं असतं ते आधी माहीत हवं.

चार थर, त्यातला एकच रंगीत

नाशकात ही माहिती शोधायला लांब जावं लागत नाही. सातपूरला महिंद्राचा कारखाना आहे, सातपूर-अंबडच्या पट्ट्यात सुटे भाग बनवणाऱ्या शेड आहेत, त्यामुळे ओळखीपाळखीत पेंट शॉपमध्ये काम केलेलं कुणीतरी निघतंच. आमच्या समोरच्या काकांनी नोकरीची शेवटची वर्षं तशाच एका पेंट शॉपमध्ये काढली. दार बघायला ते चष्मा लावून खाली आले आणि पहिलंच वाक्य म्हणाले, "अरे, याला रंग काय म्हणतोस? रंग यातला सगळ्यात पातळ थर आहे."

ते खरंच आहे. कारखान्यात गाडीचा नुसता सांगाडा आधी फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात, मग प्रायमरच्या टाकीत अख्खा बुडवून त्यातून वीज सोडतात. विजेच्या ओढीने प्रायमर पत्र्याच्या पोकळीत, कोपऱ्यात, जिथे गन कधीच पोचणार नाही तिथेही चिकटतो. हा थर साधारण २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). गंजापासून गाडीला खरं राखतो तो हा. मग तो भट्टीत १६० ते १८० अंशांवर भाजला जातो. त्यावर ३०-४० मायक्रॉनचा दुसरा प्रायमर, बारीक खाचखळगे भरायला. मग रंग, जेमतेम १५-२० मायक्रॉन. आणि सगळ्यात वर ४०-५० मायक्रॉनचा पारदर्शक थर, ज्याला गॅरेजमध्ये नुसतं 'क्लिअर' म्हणतात. सगळं मिळून १०० ते १५० मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे दोन केस एकमेकांवर ठेवले की गाडीचा सगळा रंगसंसार त्यात आला.

यातल्या दोन गोष्टी पुढे सतत उपयोगी पडतात. एक, रंगाला स्वतःची चमक नसते. वाळलेला रंगाचा थर मॅट, खडूसारखा दिसतो. चमक सगळी क्लिअरची. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी द्रव्यंही बरीचशी क्लिअरमध्येच असतात. दुसरी, कारखान्याने नुसता पत्रा भट्टीत घातला होता. आता त्याच पत्र्याला वायरी, रबर, प्लॅस्टिक, सीट लागलेत, त्यामुळे तेवढी उष्णता पुन्हा देता येत नाही. म्हणून घरी केलेलं काम कारखान्याच्या रंगाइतकं टणक होणार नाही. ते ठिगळ असतं. गोधडीला आजीने लावलेलं ठिगळ बारा वर्षं टिकतं आणि घाईत मारलेलं ठिगळ पहिल्या धुण्यात उसवतं, फरक सगळा त्यात आहे.

बंपरची गोष्ट वेगळी. तो प्लॅस्टिकचा. तिथे गंजाचं भय नाही, पण प्लॅस्टिकवर रंग सहजी धरत नाही, त्यासाठी वेगळं चिकटद्रव्य आधी मारावं लागतं. ते न मारता रंगवलेला बंपर सहा महिन्यांत सापाने कात टाकावी तसा सोलतो.

पाटीवरची रेघ

शाळेच्या पाटीवर नखाने ओढलेली पांढरी रेघ आठवा. ओल्या कपड्याने पाटी पुसली की ती नाहीशी व्हायची आणि वाळली की पुन्हा उमटायची. क्लिअरवरच्या ओरखड्याचं अगदी हेच आहे. खरवडलेल्या पृष्ठभागावर उजेड इतस्ततः विखुरतो, म्हणून रेघ पांढरी दिसते. पाण्याने खाच भरली की पृष्ठभाग पुन्हा सपाट होतो आणि खालचा रंग दिसू लागतो. म्हणून पहिली परीक्षा पाण्याची. जागा धुऊन घ्या आणि ओली असतानाच बघा. रेघ गायब झाली तर रंग शाबूत आहे, फक्त क्लिअर दुखावलंय.

दुसरी परीक्षा नखाची. रेघेवरून आडवं नख फिरवा. अडकलं नाही तर पॉलिशने काम होईल. अडकलं तर रेघेच्या तळाशी काय रंग दिसतो ते बघा. पांढरा किंवा करडा असेल तर प्रायमर. चकचकीत किंवा तांबूस असेल तर पत्रा, आणि तांबूस असेल तर तुम्हाला उशीर झालाय.

कधीकधी मामला उलटाच असतो. गेलेलं काही नसतं, आलेलं असतं. दुसऱ्या गाडीचा, खांबाचा किंवा फाटकाचा रंग आपल्या गाडीवर पुसला गेलेला असतो. पंचवटीतल्या बोळांतून गाडी काढणाऱ्यांना हे सांगायला नको. मऊ कपड्यावर थोडं कंपाउंड घेऊन हाताने चोळलं की तो बहुतेक वेळा निघतो आणि खाली आपला रंग जसाच्या तसा असतो. माझ्या दारावरच्या रेघांपैकी निम्म्या अशाच गेल्या.

उरलेल्या उथळ रेघांना रबिंग कंपाउंड, मग बारीक पॉलिश. इथे एकच गोष्ट ध्यानात ठेवायची: पॉलिश म्हणजे काही लावणं नाही, आजूबाजूचं क्लिअर घासून ओरखड्याच्या तळापर्यंत आणणं. जवळ सगळं मिळून ४०-५० मायक्रॉन. दर दिवाळीला हौसेने मशीन फिरवणाऱ्यांच्या बॉनेटवर आठ-दहा वर्षांनी पांढरे चट्टे उठतात ते काही उन्हानेच नाही. कपड्यावर गाडीचाच रंग उतरायला लागला तर थांबा. एक तर क्लिअर संपलंय, नाहीतर तुमची गाडी जुन्या पद्धतीची, क्लिअर नसलेल्या एकाच थराच्या रंगाची आहे.

दगड उडून पडलेला टिपका किंवा केसासारखी खोल रेघ असेल तर टचअपची छोटी बाटली आणि टूथपिक पुरतं. ब्रशने रंग ओढायचा नाही, थेंब सोडायचा. थिनर उडून गेलं की थेंब आक्रसतो आणि खड्डा पुन्हा दिसतो, म्हणून एका दिवशी एक असे तीन-चार थेंब. शेवटी थेंब किंचित वर आला की खोडरबराला २००० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद, नंबर मोठा तितका बारीक) गुंडाळून फक्त तेवढं टोक घासायचं.

मधला उघडा पत्रा

खरं काम इथे सुरू होतं, आणि इथे माणसं पहिली चूक करतात ती म्हणजे थेट रंगाचा स्प्रे कॅन उचलतात.

उघड्या पत्र्याला हवा आणि ओल मिळाली की गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून तो शेजारच्या चांगल्या रंगाला खालून उचलतो. बाहेर मसुराएवढा फोड दिसतो तेव्हा आत तो हरभऱ्याएवढा पसरलेला असतो. त्यावर रंग मारणं म्हणजे किडलेल्या दातावर चुना लावणं.

पण घासण्याच्याही आधी धुणं. शाम्पूने धुऊन, वाळवून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा दुकानात मिळणारं वॅक्स काढायचं द्रावण स्वच्छ कपड्यावर घेऊन पुसायचं. हे घासण्याआधीच का? कारण गाडीवर वॅक्स असतं, टायर आणि डॅशबोर्ड चमकवायच्या पॉलिशमधलं सिलिकॉन असतं, आणि पेपर मारला की ते ओरखड्यांत ठासून बसतं. मग रंग मारताना जागोजागी वाटाण्याएवढी गोल विवरं पडतात, जणू पाण्यावर तेलाचा थेंब. गॅरेजवाले त्याला 'फिश आय' म्हणतात. एकदा ती पडली की सगळं पुन्हा उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. मी हे ऐकून नाही, करून सांगतोय.

मग १२० नंबरचा पेपर फक्त गंजलेल्या जागी, पत्रा पांढराशुभ्र चमकेपर्यंत. खड्ड्यांत काळे ठिपके उरलेच तर त्यांना रस्ट कन्व्हर्टर. त्यातल्या एका प्रकारात टॅनिक अ‍ॅसिड असतं. ते गंजाशी संयोग पावून निळसर काळं, स्थिर संयुग बनवतं. पूर्वी हिरड्याच्या काढ्यात लोखंडाचा अंश मिसळून काळी शाई करत, ती हीच रसायनक्रिया. बाटलीतलं दूधट द्रावण गंजावर लावल्यावर पाहता पाहता काळं होतं तेव्हा दौत-बोरूचा काळ आठवतो.

आता येतो उतार. या सगळ्या कामातली एकच गोष्ट शिकायची असेल तर ही. रंग जिथे तुटलाय तिथे दीडशे मायक्रॉनची पायरी आहे. ऐकायला ती काहीच नाही, पण चमकत्या पृष्ठभागावर डोळा तेवढी पायरी लांबून पकडतो. त्यावर कितीही रंग मारा, नकाशातल्या बेटासारखी कडा दिसत राहते. म्हणून ती पायरी घासून तिचा उतार करायचा. ३२० चा पेपर, मग ४००, लाकडाच्या किंवा रबराच्या ठोकळ्यावर गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटाखाली चर पडतात. बरोबर जमलं तर कांदा आडवा कापल्यासारखी कडी दिसतात: मधोमध पत्रा, मग प्रायमरची दोन करडी कडी, मग रंग, मग क्लिअर. प्रत्येक कडं निदान अर्धा सेंटिमीटर रुंद झालं पाहिजे. म्हणजे रुपयाएवढ्या जखमेसाठी तुम्ही तळहाताएवढी जागा घासणार आहात. छाती धडधडते, पण इलाज नाही.

तपासायचं डोळ्यांनी नाही. काकांनी मला डोळे मिटायला लावले, तळहाताखाली पातळ रुमाल ठेवला आणि म्हणाले, "आता फिरव." उघड्या हाताला जे गुळगुळीत वाटलं होतं ते रुमालाखाली स्पष्ट अडखळलं. कापड घर्षण कमी करतं, त्यामुळे हाताला फक्त उंचसखल कळतं.

पत्रा नुसता खरवडला असेल, दबला नसेल, तर पुट्टीची गरज नाही. दबला असेल तर दोन भागांची पॉलिएस्टर पुट्टी, आणि तिच्यात हार्डनर वजनाच्या साधारण दोन टक्के. लवकर वाळावी म्हणून हार्डनर जास्त घातलं तर ते नंतर रंगातून डागासारखं वर येतं. पुट्टी पाणी पिते, म्हणून ती कोरडीच घासायची आणि उघडी ठेवून रात्रभर दव खाऊ द्यायची नाही. आणखी एक गाठ मारून ठेवा: अ‍ॅसिड असलेल्या 'एच' (पत्रा किंचित खाऊन धरणाऱ्या) प्रायमरवर पॉलिएस्टर पुट्टी नीट धरत नाही. पुट्टी उघड्या, खरबरीत पत्र्यावर किंवा इपॉक्सी प्रायमरवर.

मग प्रायमर, पातळ दोन-तीन हात. वाळल्यावर ६०० आणि मग ८०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून. घासताना पत्रा पुन्हा डोकावला तर पुन्हा प्रायमर. इथे कंटाळा आला तर काम दुसऱ्या दिवसावर टाका. प्रायमरमध्ये राहिलेला ओरखडा रंगात लपेल असं वाटतं, तो लपत नाही, उठून दिसतो.

फवारणी मामाकडून शिकावी

स्प्रे कॅन कसा धरायचा हे मला कुठल्या गॅरेजने नाही, दिंडोरीच्या मामाने शिकवलं. त्याची द्राक्षबाग आहे आणि आयुष्य फवारणीत गेलंय. मी पत्र्याच्या तुकड्यावर सराव करत होतो, रंगाचे ओघळ येत होते. तो बाजूला उभा राहून बघत होता.

"भाच्या, पान भिजलं पाहिजे, गळलं नाही पाहिजे."

यात सगळं आलं. नोझलमधून रंग निघतो तो बारीक थेंबांचा. जवळून मारलं तर थेंब एकमेकांत मिसळून ओघळतात. लांबून मारलं तर थिनर वाटेतच उडून जातं, थेंब अर्धवट वाळून पडतो आणि पृष्ठभाग रव्यासारखा लागतो. मधलं अंतर २० ते २५ सेंटिमीटर, म्हणजे एक वीत. हात फिरवताना मनगट वळवायचं नाही, अख्खा हात पत्र्याला समांतर सरकवायचा. बटण पट्ट्याच्या बाहेर दाबायचं, पट्टा ओलांडून गेल्यावर सोडायचं. बटण दाबताना पहिला शिंतोडा नेहमी जाड येतो, तो गाडीवर पडू द्यायचा नाही. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवायचा. पहिला हात इतका विरळ की खालचा प्रायमर दिसला पाहिजे. दोन हातांमध्ये दहा मिनिटं. तीन-चार हातांत रंग भरतो.

कॅन आधी दोन मिनिटं हलवायचा, आतल्या गोळीचा खडखडाट सुरू झाल्यापासून दोन मिनिटं. मारताना कॅन गार पडतो, कारण आतला द्रवरूप वायू उडताना उष्णता घेतो. दाब उतरतो आणि थेंब जाड होतात. अशा वेळी कॅन कोमट पाण्याच्या बादलीत थोडा वेळ ठेवावा. गरम पाणी नाही, गॅसची शेगडी तर स्वप्नातही नाही. ५० अंशांवर तो फुटू शकतो.

हवामानाचं गणितही मामाचंच. तो वारा पडल्याशिवाय पंप सुरू करत नाही. आपणही करू नये, नाहीतर अर्धा रंग शेजारच्याच्या गाडीवर जातो आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघतो. पावसाळ्यात तर हे काम काढूच नये. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतली ओल त्यावर बसते आणि रंगावर दुधी साय येते. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग पसरायच्या आत वाळतो. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, हवा कोरडी. फक्त नाशिकच्या थंडीत सकाळी सातला कॅन घेऊन उतरू नका. पत्र्यावर दव असतं आणि पुसलं तरी पत्रा गारच राहतो. अकरापर्यंत थांबा, गाडी सावलीत घ्या, पत्रा हाताला ना गार ना गरम लागला की सुरू करा. त्याआधी अंगणात सडा टाकतो तसं आजूबाजूच्या जमिनीवर पाणी मारून घ्या, धूळ बसते.

पांढरा तोच, पण तो नाही

रंगाचं नाव सांगून कॅन आणू नका. 'पांढरा' किंवा 'सिल्व्हर' हे नाव नव्हे, आडनाव आहे. प्रत्येक गाडीवर रंगाचा कोड असतो, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर, बॉनेटखाली किंवा जवळपासच्या पट्टीवर. तो घेऊन दुकानात जा. काही ऑटो पेंटची दुकानं कोडवरून रंग बनवून कॅनमध्ये भरूनही देतात.

तरीही शंभर टक्के जुळेल याची खात्री नाही. गाडी पाच-सात उन्हाळे खाल्लेली असते, कॅनमधला रंग नवा. शिवाय मेटॅलिक रंगात अ‍ॅल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात. रंग ओला पडला तर ते खाली बुडून आडवेतिडवे बसतात आणि छटा गडद दिसते, कोरडा पडला तर वरच सपाट बसतात आणि उजळ दिसते. म्हणजे कॅन एकच असला तरी हात बदलला की रंग बदलतो. सिल्व्हर त्यात सगळ्यात खोडकर, आणि अर्थातच माझी गाडी सिल्व्हर. म्हणून आधी पत्र्याच्या तुकड्यावर रंग आणि क्लिअर दोन्ही मारून, वाळल्यावर, दारालगत धरून उन्हात बघायचं. ट्यूबलाइटखाली जुळलेले रंग उन्हात वेगळे निघतात, साडी घेताना दुकानाच्या दारात नेऊन बघतात ते उगाच नाही.

मेटॅलिकचा शेवटचा हात थोडा लांबून, अगदी विरळ मारायचा, म्हणजे ढग-ढग दिसत नाहीत.

मास्किंग टेपची गंमत अशी की ती नीट, घट्ट लावली तर काम बिघडतं. टेपच्या कडेशी रंगाचा बांध तयार होतो आणि टेप काढल्यावर सरळ रेघ उमटते. निसर्गात जखमेला सरळ कडा नसते, डोळा लगेच म्हणतो इथे काहीतरी केलंय. टेप लावायची ती दाराच्या कडेला, काचेच्या रबराशी, हँडलशी, जिथे रेघ मुळातच आहे. मोकळ्या पत्र्यावर कागद उलटा दुमडून, कडा किंचित उचलून ठेवायचा, म्हणजे रंग त्याच्याखाली विरत जातो. पुन्हा तोच उतार. प्रायमर जखमेपेक्षा मोठा, रंग प्रायमरपेक्षा मोठा, क्लिअर रंगापेक्षा मोठं. बाकीची गाडी जुन्या चादरीने झाका, उडालेला रंग बॉनेटच्या पलीकडेही जाऊन बसतो.

क्लिअर जिथपर्यंत जाणार तिथपर्यंतचं जुनं क्लिअर १५०० ते २००० च्या पेपरने आधीच धूसर केलेलं असावं, नाहीतर नवं धरत नाही. रंगावर क्लिअर किती वेळात मारायचं ते कॅनवर लिहिलेलं असतं, ते पाळा. त्याची कडा विरवण्यासाठी ब्लेंडिंग थिनरचा वेगळा कॅन मिळतो. शक्य असेल तर क्लिअर दारावरच्या एखाद्या घडीपर्यंत, कोपऱ्यापर्यंत नेऊन संपवावं. दाराच्या मधोमध संपवलेलं क्लिअर चांगल्या चांगल्या पेंटरांना लपवता येत नाही.

इथे एका मोहाबद्दल. बाजारात दोन प्रकारचं क्लिअर मिळतं. साधं, जे नुसतं थिनर उडून वाळतं, आणि दोन भागांचं, ज्यात हार्डनर मिसळावं लागतं. दुसरं खूपच टणक, पेट्रोललाही दाद न देणारं. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासावाटे गेल्यास कायमचा दमा जडू शकतो आणि साधा एन-९५ मास्क त्याला अडवत नाही. पेंट बूथमध्ये लोक बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा घालतात तो त्यासाठी. मी ते घरी वापरलं नाही आणि तुम्हीही वापरू नका. साध्या कॅनसाठीसुद्धा वाफ शोषणारं कार्ट्रिज असलेला मास्क घ्या, काम उघड्यावर करा, तळघरातल्या पार्किंगमध्ये नाही, आणि आसपास बिडी, उदबत्ती, काही जळतं नको. साध्या क्लिअरचं उणं एवढंच की पेट्रोल सांडलं की ते मऊ पडतं. म्हणून टाकीच्या झाकणाजवळची जागा घरी करू नये.

घरी करू नये अशी यादी तशी लहान आहे. बॉनेट आणि टप, कारण तिथे ऊन थेट पडतं आणि प्रत्येक चूक दिसते. तीन थरांचा मोत्यासारखा पांढरा. आणि ज्या नव्या गाड्यांच्या बंपरमागे रडार बसवलेलं असतं, त्या बंपरवर पुट्टीचे आणि मेटॅलिक रंगाचे जाड थर देऊ नयेत, रडारच्या लहरींना अडथळा होतो.

इन्शुरन्सचं विचाराल तर हिशेब कागदावर मांडा. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला दर दाव्यात पहिले १,००० रुपये तुमचेच जातात, त्यावरच्या गाडीला २,०००. आणि दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यावर मिळणारी सूट, शून्यावर येतो. तो दाव्याविना गेलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के असतो, पाच वर्षं दावा नसेल तर ५० पर्यंत चढतो. एका दाराच्या रंगासाठी ५० टक्के सूट घालवणं म्हणजे चिंचोक्यासाठी चिंच देणं. मात्र त्याच वेळी दोन-तीन दारं दबली असतील तर दावा करून गॅरेजचा रस्ता धरलेला बरा.

शेवटचं औजार म्हणजे कॅलेंडर. साधं क्लिअर तासाभरात हाताला कोरडं लागतं, पण आतलं थिनर निघून जायला कितीतरी दिवस जातात. आठवडाभर तरी घासायला जाऊ नका. नंतर २००० चा पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून अलगद, मग कंपाउंड, मग पॉलिश. वॅक्स महिन्याने, कारण ते आधी लावलं तर आतलं थिनर आतच कोंडतं. तोवर गाडी चिंचेखाली, जांभळाखाली लावायची नाही. पक्ष्यांची विष्ठा मऊ क्लिअरमध्ये एका दुपारीत खड्डा पाडते.

काम संपल्यावर कॅन उलटा धरून बटण दाबा, नुसता वायू येईपर्यंत. नोझल मोकळी राहते. मी पहिल्या कॅनला हे केलं नाही, त्यामुळे दुसरा विकत आणावा लागला.

माझं ठिगळ सकाळच्या उन्हात शोधायला लागतं, पार्किंगच्या पिवळ्या दिव्यात मात्र हँडलखाली किंचित सावली पडल्यासारखं दिसतं. काकांना ते पहिल्याच नजरेत सापडलं. त्यांनी रुमाल काढला, डोळे मिटले, हात फिरवला आणि म्हणाले, "छटा सोड. पावसाळ्यानंतर मला ही कडा दाखव, फोड आलाय का बघू."